सोमवारचं पाणी

सोमवारी शहरभर सलूनची शटरं खाली असतात
आणि बिडवे त्र्यंबक नाक्याला बसमधून उतरतात.
खांद्याला रेक्झिनची पिशवी, चेन गेलेली,
तोंड सेफ्टीपिनेनं आवळलेलं.
आत दोन वस्तरे, ब्लेडांची पाकिटं, तुरटीचा खडा,
उकळून वाळवलेले धोतराचे तुकडे.
सिव्हिलच्या गेटवरचा वॉचमन त्यांना पास मागत नाही.
विचारतो, "आज किती?"
"बघू. पाणी पुरेल तितके."

मी तेव्हा बापाच्या उशाशी होतो,
कॉट नंबर सोळा.
नऊ दिवसांची दाढी वाढली होती त्यांची.
हा माणूस पस्तीस वर्षं प्रेसच्या गेटवर
सातच्या आत हजर, आणि त्याआधी दाढी,
संपाच्या दिवशीसुद्धा.

मला जमलं नसतं असं नाही.
सातपूरला लेथवर
केसाच्या जाडीइतकी चूक पकडतो मी.
पण बापाच्या गालाला हात लावायचा
तर शेवटचा कधी लावला होता
हे आठवावं लागलं असतं.

बिडव्यांनी विचारलं, "नाव काय यांचं?"
"ते बोलत नाहीत आता."
"मी नाव विचारलं."
"पुंजाराम."
मग ते वाकले, अगदी कानाशी,
"पुंजारामदादा, पाणी कोमट आहे. दचकू नका."

साबणाचा फेस, वस्तऱ्याची बारीक खरखर,
मधूनच सलाईनच्या स्टँडचं चाक.
आणि वस्तरा नाकाखाली आला तेव्हा
नऊ दिवस न हललेल्या माझ्या बापानं
वरचा ओठ आत ओढून ताणून धरला,
जसा आरशासमोर धरायचे.
मग डावा गाल फुगवला. आपणहून.
मी खिडकीकडे बघत राहिलो.
खिडकीत काही नव्हतं, एक कबूतर होतं.

मी शंभराची नोट काढली.
बिडव्यांनी ती बघितलीही नाही.
"एवढंच करायचं तर गरम पाणी आणा.
मागचं गार झालं. पुढच्या कॉटवरचे आजोबा
गार पाण्याला शिव्या देतात."

गेटबाहेर शेवंताबाईंची चहाची गाडी.
पातेलं पुढे सरकवत त्या म्हणाल्या,
"बिडव्यांचं का? मग कपात नको, थर्मासात न्या."
पैसे त्यांनीही घेतले नाहीत.
मला उगाच राग आला,
सगळ्यांनी मिळून मला ऋणी करायचं ठरवलंय की काय.

गुरुवारी पहाटे बाप गेला.
अमरधाममध्ये चुलता म्हणाला,
"चेहरा बघ, ड्यूटीला निघाल्यासारखा."

त्यानंतर मी सेकंड शिफ्ट मागून घेतली.
कुणी विचारलं तर सांगतो, झोप होते सकाळची.
सोमवारी थर्मास माझ्याकडे असतो.
पहिल्या दिवशी एकाच्या छातीवर सांडलं,
त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या,
आणि दाढी झाल्यावर आरसा मागितला.
आता आरसाही असतो माझ्याकडे.
काहीजण बघतात. काहीजण नको म्हणतात.
एक नांदगावचा मुलगा, जेमतेम मिसरूड फुटलेली,
म्हणाला, "मिशी ठेवा, फोटो काढायचाय घरी."

आज बिडव्यांना ताप आहे. फोन आला होता.
तरी मी आलो, सवयीनं, पाणी भरून.
कॉट नंबर बावीसनं मान वळवली,
"आले का ते?"
"नाही आले."
"मग तू कशाला आलास?"

खरंच होतं.
वस्तरा मला चालवता येत नाही,
म्हणजे बिडवे शिकवतो म्हणतात, मीच टाळतो.
मी फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं,
मनगटावर टेकवून बघितलं.
"नाव काय तुमचं?"
"त्र्यंबक."
"त्र्यंबककाका, नुसतं तोंड पुसतो. चालेल?"

ते काही बोलले नाहीत.
हनुवटी तेवढी थोडी वर केली.